आधी कॅबिनेट उघडा

बाबांनी २०१३ साली नागपूरच्या बर्डीवरून कॉम्प्युटर जुळवून आणला तेव्हा मी बारावीत होतो. आय-थ्री ३२२० प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस. त्यातला एकही भाग आज माझ्या टेबलावर नाही. एकेक करून सगळं बदललं आणि त्यातला बराच पैसा चुकीच्या क्रमाने गेला.

आता भाचा, त्याचे मित्र, ऑफिसातल्या सहकाऱ्यांची मुलं विचारायला येतात, ‘‘एवढे पैसे आहेत, आधी काय बदलू?’’ पैसे बहुतेकदा दहा ते वीस हजारांच्या मधले असतात. कोणी शिकवण्या घेऊन जमवलेले, कोणी ओवाळणी साठवून. म्हणून या प्रश्नाला मी उभ्या उभ्या उत्तर देत नाही.

१. दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ मोजण्यात घालवा

२०१८ च्या शेवटी क्रिप्टो चलनांचे भाव कोसळले आणि मायनिंगला जुंपलेली ग्राफिक्स कार्डं स्वस्तात विकायला निघाली. मी साडेआठ हजारांना आरएक्स ५७० घेतलं. त्याआधी माझ्याकडे जीटीएक्स ७५० टीआय होतं, २०१५ मध्ये ‘जीटीए फाइव्ह’ पीसीवर आला तेव्हा त्याच्यासाठीच घेतलेलं. नवं कार्ड त्याच्या दुपटीहून जास्त ताकदीचं. बसवलं, गेम लावला. वाळवंटातल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. शहरात शिरलो, चौकात गर्दी आली, की चित्र पूर्वीसारखंच अडखळायचं.

तेव्हा कुठे मी एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घेतलं. फुकट मिळतं, आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती राबतंय, प्रोसेसर किती राबतोय, तापमान किती, हे सगळं दाखवतं. माझं कार्ड पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर होतं आणि दोन कोअरचा आय-थ्री शंभरावर. कार्ड हात बांधून बसलं होतं, कारण पुढची फ्रेम तयार करायला लागणारी माहिती प्रोसेसर वेळेवर देतच नव्हता. ही संध्याकाळ मी साडेआठ हजार देण्याआधी घालवायला हवी होती.

वाचायची रीत अशी. आधी गेमच्या सेटिंगमधलं व्ही-सिंक आणि फ्रेमवर घातलेली मर्यादा काढा, नाहीतर आकडे मुळातच खाली दिसतील. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ते आपल्या परीने पूर्ण राबतंय. कार्ड साठावर आणि तरी फ्रेम कमी, तर अडचण प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे. प्रोसेसरचा एकत्रित आकडा मात्र फसवतो. सहा कोअरपैकी एकच पूर्ण भरला असेल तरी गेम अडतो आणि सरासरी चाळीस टक्के दाखवते. म्हणून कोअर वेगवेगळे बघा. शंका उरलीच तर रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या हलल्या नाहीत तर नवं कार्ड घेऊनही हलणार नाहीत.

आणि मोजायचं ते तुम्ही रोज खेळता त्याच गेमवर. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर स्ट्राइक २’ प्रोसेसरला घाम फोडतात. ‘सायबरपंक’सारखे गेम कार्डाला.

२. मोजलेल्या आकड्यालाही उलट प्रश्न विचारा

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने तपासून सांगितलं, सेन्सरमध्ये दोष होता. ऊन खरंच भाजून काढत होतं, तो आकडा तेवढा खरा नव्हता. ही गोष्ट मला कॉम्प्युटरच्या बाबतीत वारंवार आठवते.

२०२५ च्या एप्रिलात मानेवाड्याहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगला आहे, आठवी-नववीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्याने अठरा हजार जमवले होते. ‘‘मामा, सगळे म्हणून राहिले कार्ड घे म्हणून. मीटरपण तेच दाखवून राहिला.’’ मीटर खरंच ग्राफिक्स ९९ टक्के दाखवत होता. पण त्याच्याकडे वेगळं कार्ड नव्हतंच. रायझन ५ ५६००जी, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती मशीनच्या रॅममधून वाटा घेते. आणि पोराच्या मशीनमध्ये ८ जीबीची एकच स्टिक होती.

एक स्टिक म्हणजे प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या दोन रस्त्यांपैकी एक बंद. त्या एका रस्त्यावरून प्रोसेसरचंही सामान जायचं आणि ग्राफिक्सचंही. मीटर ९९ दाखवतो, कारण ग्राफिक्सचा भाग मेमरीची वाट पाहत अडकलेला असतो, आणि ते अडकणंही मीटरच्या हिशेबात कामच धरलं जातं. अठराशे रुपयांची तशाच वेगाची दुसरी ८ जीबीची स्टिक आणली. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर एक सोडून एक बसवायची, कुठली जोडी ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. मग बायोसमध्ये जाऊन रॅमचा खरा वेग चालू केला. पुष्कळ मशीनवर तो वर्षानुवर्षं तसाच बंद पडलेला असतो. ‘व्हॅलोरंट’ चौऱ्याहत्तर फ्रेमवरून एकशे आठवर गेला. अठरा हजारांतले जवळजवळ सोळा हजार खिशातच राहिले.

वेगळं कार्ड असलेल्या मशीनवर दुसऱ्या स्टिकचा फरक इतका डोळ्यांत भरत नाही, पण मधेच बसणारे गचके कमी होतात. माझ्याकडे तेच झालं.

त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला रॅमचे भाव असे भडकले की अठराशेची ती स्टिक आज लॉटरीसारखी वाटते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळण्याचं जाहीर केलं. म्हणून आता रॅम वाढवायची तर आधी ओळखीत कोणाची जुनी डीडीआर ४ स्टिक पडून आहे का ते विचारा. बाकीच्या जुन्या भागांच्या मानाने रॅम जुनी घेण्यात धोका कमी.

३. नागपुरात पहिला खर्च ब्रशचा आणि पेस्टचा

चौऱ्याहत्तर फ्रेम म्हटलं, त्या आधी बासष्टच होत्या. मधल्या बाराचा हा किस्सा.

स्टिक किती आहेत ते बघायला आम्ही कॅबिनेट उघडलं होतं. मशीन खिडकीखाली, खिडकीत कूलर. आपल्याकडे उन्हाळा कूलरवरच निघतो आणि त्यात गैर काही नाही. पण कूलरच्या झोताच्या वाटेत ठेवलेल्या मशीनचं काय होतं ते मी टॉर्च धरून पाहिलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला होता, बोटाने धरून एका तुकड्यात उचलता येईल असा. ओल्या हवेने धूळ दाबून त्याचं कापडच झालेलं. त्यात वूडवूलचे सोनेरी तंतू अडकलेले. बोअरच्या खाऱ्या पाण्याची पांढरट पूड मागच्या जाळीवर. पंखा जोरात फिरत होता आणि खाली हवेचा कणही जात नव्हता.

पंखा हवा गार करत नाही, खोलीतली हवाच फिरवतो. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० वर राहत असेल, तर खोली ३८ झाल्यावर तो ८३ च्या आसपास जाणार. या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. पुण्याच्या माणसाने दिलेला सल्ला म्हणूनच इथे जसाच्या तसा चालत नाही. भाच्याचा प्रोसेसर ९४-९५ वर होता, आणि ५६००जी ९५ ला पोचला की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. डिसेंबरात छान चालणारा गेम एप्रिलात रडतो तो यामुळे, आणि माणूस समजतो कार्ड जुनं झालं.

ब्रश, ब्लोअर, अडीचशेची थर्मल पेस्ट. दोन गोष्टी सांभाळा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. आणि एएम ४ मदरबोर्डवरचा प्रोसेसरचा कूलर मशीन थंड असताना सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असते, कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करा, वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. आमचा असाच सुटला. पेस्ट अगदी खडूसारखी झाली होती.

मशीन खिडकीपासून दूर, कूलरच्या झोताबाहेरच्या कोपऱ्यात नेलं. तापमान ७८. बारा फ्रेम अडीचशे रुपयांत.

४. एसएमपीएस आधी, कार्ड नंतर

हे मला सगळ्यात महाग पडलं.

ते साडेआठ हजारांचं आरएक्स ५७० मी २०१३ च्याच एसएमपीएसवर चालवत होतो. आधीच्या ७५० टीआयला ६० वॉट पुरायचे, तेही मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळायचे. वेगळी वायर लागायची नाही. माझ्या ५७० ला आठ पिनांची वायर लागायची. माझ्या एसएमपीएसला ती नव्हती, म्हणून दीडशे रुपयांचा कनव्हर्टर लावला. डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलं होतं, मी निश्चिंत होतो. हिवाळा निभावला.

मे २०१९, संध्याकाळचे सात. आईने कूलर लावला, मोटर उचलताना ट्यूबलाइट क्षणभर मंदावली, कॅबिनेटमधून टक् असा आवाज आला आणि पडदा काळा. मागून करपलेल्या प्लास्टिकचा वास. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. बाबा दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत. त्यांनी सहा वर्षांपूर्वी आणून दिलेलं मशीन होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी ते लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. ४५० चा आकडा वर मोठा. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ ॲम्पिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टच्या वाटेने वीज घेतात. कार्डाचे १५० आणि आय-थ्रीचे ५५ मिळून २०५. चार महिने ते मशीन रोज मर्यादेपलीकडे ओढलं जात होतं, आणि मे महिन्यात एसएमपीएसची कुवत आणखी उतरते, कारण आत येणारी हवाच तापलेली.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टसमोरचे ॲम्पिअर बघा, बाराने गुणा. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ च्या आसपास दिसतं. साडेचार-पाच हजार जातात आणि एक फ्रेम वाढत नाही. तरी वेगळं कार्ड घ्यायचं असेल तर पहिली खरेदी हीच. पुढे प्रोसेसर बदला, बोर्ड बदला, हा तसाच कामी येतो.

दोन गोष्टी याच ओघात. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. लाइट गेल्यावर गेम चालू ठेवायला तो नाही, काम वाचवून मशीन बंद करायला आहे. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात पिन तीन होत्या, तिसरीला वायरच नव्हती. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे, कॉम्प्युटरवाल्याचं नाही.

५. एसएसडी

फ्रेम वाढणार नाहीत. हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या घरात. गेम लवकर उघडतो, नवा भाग समोर येताना बसणारे झटके जातात. ‘स्टारफील्ड’सारखे गेम आता एसएसडी मागतातच. विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर बाकी सगळं थांबवून आधी हे करा.

६. मॉनिटर ठरवल्याशिवाय कार्ड ठरत नाही

माझ्या पहिल्या मॉनिटरवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके होते. १०८० च्या मॉनिटरवर पावणेएकवीस लाख होतात, १४४० वर जवळजवळ सदतीस लाख. प्रत्येक ठिपका कार्डाला रंगवावा लागतो. लहान मॉनिटरवर कार्डाला काम थोडं आणि ताण प्रोसेसरवर. तेच मशीन मोठ्या मॉनिटरला जोडा, ताण कार्डावर सरकतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठला मॉनिटर असणार हे माहीत नसेल तर पहिल्या मुद्द्यातलं सगळं मोजमाप वाया जातं.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच वेळा चित्र बदलतो. एका सहकाऱ्याच्या मुलाने हौसेने १४४ हर्ट्झचा घेतला आणि काहीच फरक नाही म्हणून खट्टू झाला होता. मी गेलो, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बघितलं, तो ६० वरच होता. तिथे १४४ निवडलं आणि माउस हलवल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. एका घरी तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली सापडली. सात महिने कार्ड नुसतं बसून होतं. पैसे मोजण्याआधी टेबलाच्या मागे वाकून बघाच.

७. जुनं कार्ड हातात घेऊन, अर्धा तास चालवून मगच

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवर चालणारं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं आणि जुन्या कार्डांची दुसरी लाट आली. ती कार्डं अजून फिरताहेत. मायनिंगचं म्हणून मी नाकारत नाही, माझं ५७० तसलंच होतं आणि एसएमपीएस जळाला तेव्हाही वाचलं. पण विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या मशीनवर, जड गेम अर्धा तास लावून बघतो: पडद्यावर ठिपके येतात का, पंखा घरघरतो का, तापमान कुठे थांबतं. जीपीयू-झेड लावून नाव पडताळतो. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या कार्डात २३०४ ऐवजी २०४८ शेडर निघाले तर ते आतून ५७० च्याच जातीचं. बिल आणि डब्यावरचा सीरिअल नंबर जुळला तर उत्तमच.

आणि आपल्या बोर्डाची खाच बघा. आरएक्स ६५०० एक्सटी चारच मार्गिकांवर बोलतं, पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर त्याची ताकद उतरते. स्वस्त आहे म्हणून जुन्या मशीनसाठी तेच घेतलं जातं आणि तिथेच ते सगळ्यात कमी शोभतं.

८. प्रोसेसरचा प्रश्न हा बोर्डाचा प्रश्न

माझ्या आय-थ्रीला पुढे जायला फार वाटच नव्हती. त्याच बोर्डावर जुना आय-सेव्हन ३७७०, आणि तिथे संपलं. २०१९ मध्ये एसएमपीएस जळाल्यावर एएम ४ सॉकेटचा बी ४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतला. २०२३ मध्ये त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर रायझन ५ ५६०० बसला आणि सोबत आरएक्स ६६०० आलं. बायोस तेवढा आधी, जुना प्रोसेसर असतानाच नवा करून घ्यायचा. आणि ते करताना लाइट गेली तर बोर्ड मेला, म्हणून यूपीएसवर.

अजून एएम ४ वर असलेल्यांना माझं सांगणं: बोर्ड बदलू नका, त्यावर बसणारा सगळ्यात चांगला परवडणारा प्रोसेसर शोधा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेलवाल्यांनी मात्र त्या मशीनवर आता मोठा पैसा घालू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही. तिथे साठवणं हेच अपग्रेड.

९. एका वेळी एकच भाग, आणि वहीत नोंद

दोन भाग एकदम बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही. भाच्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, फ्रेम, काय बदललं, किती गेले. पहिल्या ओळीत ‘६२, ९५ अंश’. दुसऱ्या ओळीत ‘धूळ, पेस्ट, २५० रु., ७४, ७८ अंश’. तिसऱ्या ओळीत ‘रॅम, १८०० रु., १०८’. जुलैत त्याने आपणहून एक ओळ घातली: ‘पाऊस. कूलर बंद. काही बदललं नाही, तरी ६९ अंश.’

कार्ड त्याने अजून घेतलेलं नाही. आधी मॉनिटर कुठला हे ठरायचं आहे, ताईला, म्हणजे त्याच्या आईला, विचारायचं आहे, सेमिस्टरची फी भरायची आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र मला त्याने एक फोटो पाठवला. कॅबिनेट उघडं, आत नवा एसएमपीएस, आणि लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यातल्या ४५ भोवती लाल पेनाने गोल.